कचरा वाळला आणि तापणं थांबलं: मायक्रोवेव्हने इंधन करताना या चुका टाळा

वाळलेला काडीकचरा हवा न लागू देता मायक्रोवेव्हने तापवला की त्यातून तेल, वायू आणि कोळसा मिळतो. त्यासाठी इंदूरमध्ये माल शोधत फिरावं लागत नाही. दाणे काढलेली भुट्ट्याची कणसं, सोयाबीनचा भुसा, शेंगांची टरफलं, बागेतला पालापाचोळा हे सगळं चालतं. स्वयंपाकघरातला ओला कचरा मात्र घालू नका. एक किलो कचऱ्यातलं 750 ग्रॅम पाणी उडवायलाच पाऊण युनिटाहून जास्त वीज जाते. उरलेल्या 250 ग्रॅममधून 100 ग्रॅम तेल निघालं तरी त्यात अर्ध्या युनिटाएवढीही ऊर्जा नसते. ओल्यासाठी देवगुराडियाचा, 2022 मध्ये रोज 550 टन क्षमतेने सुरू झालेला बायो-सीएनजी प्रकल्प आहेच, तिथल्या जिवाणूंना पाणी हवंच असतं. आपला माल उन्हात वाळवा. 100 ग्रॅम नमुना 105 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. 90 ग्रॅमच्या खाली भरला तर अजून ऊन द्या.

आता नेहमीची तक्रार: माल कोरडा, मॅग्नेट्रॉन (लहरी तयार करणारा भाग) ठीक, तरी तापमान पुढे सरकत नाही आणि कंडेन्सरमध्ये, म्हणजे वाफ थंड करून गोळा करणाऱ्या भागात, नुसतं पाणी. दोष यंत्राचा नाही. 2450 मेगाहर्ट्झच्या लहरी पाण्याला पकडतात. कोरड्या काडीकचऱ्यातून त्या बऱ्याचशा आरपार जातात. म्हणून लहरी शोषणारं काहीतरी सोबत लागतं. 500 ग्रॅम मालात 50 ग्रॅम लाकडी कोळसा, 2 ते 5 मिलिमीटरचा चुरा करून, नीट कालवा. पुढच्या खेपेला आधीच्या खेपेचाच कोळसा चालतो.

पण हाच कोळसा पुढे डोकेदुखी होतो. माल तापून कोळसा होऊ लागला की शोषण वाढतं, एखादाच कोपरा लालबुंद होतो आणि शेजारी कच्चा भुसा तसाच राहतो. वाफ दिसायला लागली की पॉवर उतरवा आणि ढवळणी चालू ठेवा. घरगुती ओव्हनचं 'लो' बटण इथे फसवं आहे, बहुतेक ओव्हनमध्ये ते पूर्ण पॉवर थांबून थांबून देतं इतकंच. तसाही घरचा ओव्हन उघडून भोकं पाडू नका. प्लग काढल्यावरही वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतदाब शिल्लक असू शकतो.

वाफेची नळी बाहेर काढताना यंत्राच्या भिंतीला धातूची कॉलर घट्ट वेल्ड करा: आतला व्यास 25 मिलिमीटर, लांबी निदान 75. इतक्या अरुंद नळीतून लहर बाहेर पडत नाही. मात्र त्याच कॉलरमधून थर्मोकपलची (तापमान मोजणारी) धातूची तार नेली तर ती अँटेनासारखी गळती बाहेर आणते. इन्फ्रारेड मापक फक्त पृष्ठभाग दाखवतो; आतलं तापमान हवं तर फायबर-ऑप्टिक (काचेच्या तंतूचा) प्रोब घ्या.

मालात पत्रावळीची पिन, फॉइल किंवा मिठाईचा चांदीचा वर्ख राहिला तर ठिणगी पडते. आत हवा असेल तर वायू पेटायला ती ठिणगी पुरेशी आहे, म्हणून आधी नायट्रोजन सोडून हवा बाहेर काढा. वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो. गॅस डिटेक्टरशिवाय बंद खोलीत काम नको.

रिअ‍ॅक्टर (माल तापतो ते भांडं) ते कंडेन्सर नळी आखूड ठेवा, वरून काचेची लोकर (ग्लास वूल) गुंडाळा. थंड नळीत डांबर जमून ती बुजते. तेलाचा पीएच 2 ते 3, म्हणजे चांगलाच आम्लधर्मी असतो, म्हणून काच किंवा स्टेनलेस स्टील वापरा. हे तेल म्हणजे डिझेल नव्हे. त्यात पाणी असतं, ठेवल्यावर दाटतं, जनरेटरच्या टाकीत ओतलं तर पंप बसतो.

शेवटी घाईने झाकण उघडलं की गरम कोळसा हवा लागताच पेटतो. 50 अंशांखाली येईपर्यंत नायट्रोजन चालूच ठेवा.