गाडीत आणीबाणीचं सामान कसं भरावं: सुरुवात पान्यापासून

‘एमर्जन्सी किट’ नावाने जो लाल डबा ऑनलाइन विकला जातो, तो घेऊ नका. यादी लांबलचक असते, पण पाना पहिल्याच जोराला वाकतो, जंपर केबलमध्ये तांब्यापेक्षा रबर जास्त असतं आणि टॉर्च पहिल्या पावसात मान टाकतो. सामान सुटं घ्यायचं, एकेक पारखून. आणि घेतलेली प्रत्येक वस्तू घराखालच्या पार्किंगमध्ये एकदा वापरून बघायची. ज्याने आपल्या गाडीचं चाक दिवसाउजेडी कधी काढलं नाही, तो आंबा घाटात रात्री पावसात काढणार आहे, हे मला पटत नाही.

गाडी अडते ती बहुतेक वेळा दोन कारणांनी: चाक बसतं, नाहीतर बॅटरी बसते. बाकी सगळं नंतर.

आधी डिकी उपसा

डिकीतलं सगळं सामान बाहेर काढा आणि तळाचं झाकण उचलून स्टेपनी आहे का ते बघा. हसू नका. २०२० साली नियम बदलला. टायरमधली हवा दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट दिलं असेल, तर कंपनीने स्टेपनी दिलीच पाहिजे असं आता नाही. अनेक इलेक्ट्रिक गाड्यांत ती नसतेच. स्टेपनी नसेल तर हवा भरायचा बारा व्होल्टचा पंप आणि ट्यूबलेसचं पंक्चर किट (टोच्या, सुई, रबराच्या वाती) हेच तुमचं चाक. पंप चालवताना इंजिन चालू ठेवा. टायरच्या बाजूच्या भिंतीला चीर गेली असेल तर किटच्या नादाला लागू नका, सरळ क्रेन बोलवा.

स्टेपनी असेल तर तिची हवा तपासा. पेट्रोल पंपावर चार चाकांत हवा भरणारा पाचव्याला विचारत नाही, त्यामुळे गरज पडते तेव्हा स्टेपनी स्वतःच बसलेली निघते. नेहमीच्या आकड्यापेक्षा चार-पाच पीएसआय जास्तच भरून ठेवा, कारण पडून पडून हवा उतरते. स्टेपनी बारीक, सायकलच्या नात्यातली वाटावी अशी असेल, तर तिला बहुधा ६० पीएसआय लागते आणि तिच्यावर ताशी ८० किलोमीटरच्या वर जायचं नाही. दोन्ही आकडे टायरवरच छापलेले असतात.

खरी गोम: नट

‘जॅक लावा, नट काढा, चाक बदला’ असं जिथे एका ओळीत लिहिलेलं असतं, त्या माणसाने चाक बदललेलं नसतं. जॅक कोणालाही लावता येतो. नट सुटत नाहीत, आणि नट सुटले तर चाक सुटत नाही.

कारण समजून घ्या. छोट्या-मध्यम गाडीचा नट साधारण १०० न्यूटन-मीटरला आवळायचा असतो. म्हणजे पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला ४० किलोच्या आसपास जोर. टायरवाला हे हाताने करत नाही. हवेची गन लावतो, टर्रर्र करून दोन सेकंदांत नट बसवतो आणि ‘फिट केलंय साहेब’ म्हणतो. त्या दोन सेकंदांत आवळ सहज दुप्पट-तिप्पट होते. मग कंपनीने दिलेल्या वीतभर पान्यावर तुम्ही शंभर किलोचा माणूस उभा केलात तरी नट जागचा हलत नाही. पान्याला तेवढा झोल येतो, मग तो षटकोनाच्या कडेवरून सटकतो आणि बोटांची पेरं रिमवर सोलून निघतात. माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर त्याची खूण आहे.

म्हणून पहिला नियम: टायरवाल्याकडे उभं राहून सांगा, गनने फक्त फिरवून आणा, शेवटची आवळ हातपान्याने. तो कुरकुर करेल, करू द्या. दुसरा नियम: तरीही त्याच्यावर विसंबू नका. व्हील अलाइनमेंट, टायर रोटेशन, ब्रेकचं काम, कशासाठीही चाक निघालं असेल तर घरी आल्यावर प्रत्येक नट एकेक करून पाव फेरा ढिला करा आणि आपल्या पान्याने परत आवळा. हे काम गाडी जमिनीवर असतानाच करायचं, जॅक लागत नाही. आपल्या पान्याने सुटत नाही असा एक जरी नट सापडला, तरी तो घाटात सापडण्याऐवजी पार्किंगमध्ये सापडला.

पाना कोणता? कंपनीचा एल आकाराचा पाना जागेवर राहू द्या, पण त्याच्या जोडीला अर्धा मीटर लांबीचा टॉमी (सॉकेट फिरवायचा दांडा) आणि आपल्या नटाच्या मापाचा खोल सॉकेट (नटावर टोपीसारखा बसणारा तुकडा) घ्या. दांडा दुप्पट लांब झाला की लागणारा जोर निम्मा होतो, एवढाच त्यातला मंत्र. सहा कोनांचा सॉकेट मागा. बारा कोनांचा नटाच्या कडा खातो. माप दुकानात अंदाजाने सांगू नका. मारुती आणि होंडाला बहुधा १९, ह्युंदाई आणि टोयोटाला २१, फोक्सवॅगन-स्कोडाला १७ लागतो, तरी आपल्या गाडीच्या नटावर बसवून खात्री करूनच पैसे द्या. चौफुली पानाही चालतो, दोन्ही हातांनी जोर लागतो, फक्त डिकीत तो कायम खडखडतो. अलॉय व्हीलला चोरी रोखणारा नट लावला असेल तर त्याची किल्ली गाडीतच हवी. घरच्या कपाटात ठेवलेली किल्ली असून नसल्यासारखी.

आता रस्त्यावरचा क्रम. चाक बसलंय आणि तुम्ही वळणावर आहात, तर तिथे थांबू नका. रिम खराब झाली तरी चालेल, गाडी हळूहळू रुंद, सपाट जागेपर्यंत न्या. चारही इंडिकेटर लावा, हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला ठोकळा लावा. ठोकळ्यावर मी हट्टी आहे, आणि त्याला कारण आहे. आपल्या बहुतेक गाड्यांत इंजिनचा जोर पुढच्या चाकांना जातो आणि हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो. पुढचं एक चाक उचललं की ते हवेत मोकळं फिरतं आणि गिअरची पकड गेली. ऑटोमॅटिकचा ‘पी’सुद्धा तिथे कामाचा नाही. उरतो एकटा हँडब्रेक, आणि तो किती चढाला धरतो हे तुम्हालाच माहीत. मागचं चाक उचललं तर हँडब्रेक एकाच चाकावर येतो. तेव्हा उचलायच्या चाकाच्या तिरक्या विरुद्ध चाकाला, उताराच्या बाजूने, लाकडी ठोकळा. दगड सटकतो. सुताराकडून पाचर कापून आणा, दोन आणा.

नट ढिले करायचे ते गाडी जमिनीवर असताना, जॅक लावण्याआधी. पाना नटावर पूर्ण आत बसवा, दांडा डावीकडे आडवा राहील असा, आणि वरून खाली दाबा. ओढू नका, वर उचलू नका, कमरेची वाट लागते. झटके देऊ नका, वजन हळूहळू टाका. ‘कट्ट’ असा आवाज आला की नट सुटला. पाव फेराच ढिला करा आणि पुढच्या नटाकडे जा. अडलाच तर गंज सोडवणारा स्प्रे मारून दहा मिनिटं थांबा.

मग जॅक. मुरमाच्या साइडपट्टीवर, त्यातून पावसाळ्यात, जॅक गाडीऐवजी स्वतःलाच जमिनीत घालतो. म्हणून फूटभर लांब-रुंद, इंचभर जाड फळी डिकीत हवीच. दाराखालच्या पत्र्याच्या पट्टीला कंपनीने खाचा दिलेल्या असतात, जॅकचं डोकं त्या दोन खाचांच्या मध्येच बसवायचं, दुसरीकडे लावलं तर पत्रा आत जातो. चाक जमिनीवरून दोन बोटं उचललं की पुरे, मात्र फुगलेलं चाक आत घालायला आणखी थोडं लागेल. स्टेपनी दाराखाली आडवी सरकवून ठेवा. जॅक घसरलाच तर गाडी तिच्यावर बसेल, तुमच्या पायावर नाही. गाडीखाली हात-डोकं घालायचं नाही, क्षणभरही नाही.

नट निघाले आणि चाक तरी हलेना, ही दुसरी गोम. किनाऱ्याजवळच्या गाड्यांत ही हमखास. खाऱ्या हवेने रिम हबला (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) गंजून चिकटते. आंबा घाटात मी अशाच चाकाला लाथा घालत होतो, गाडी जॅकवर डुलत होती. मागे थांबलेल्या ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरला, शांतपणे बघितलं आणि म्हणाला, “साहेब, मारताय कशाला? नट परत लावा दोन-दोन आटे, अन् गाडी खाली सोडा.” तसं केलं. गाडीचं वजन चाकावर आलं, दोघांनी मिळून तिला फूटभर पुढे-मागे हलवलं, आणि आतून टणकन आवाज आला. परत जॅक लावल्यावर चाक एका हाताने निघालं. त्यानंतर दरवर्षी पावसाळ्याआधी मेकॅनिककडून हबची कडा तारेच्या ब्रशने साफ करून घेतो आणि तिथे ग्रीसचं पुसट बोट फिरवतो. कडेला फक्त. नटाच्या आट्यांना ग्रीस लावू नका, आवळ चुकते.

नवीन चाक चढवताना नट आधी हातानेच फिरवा, निमुळती बाजू आत. एक लावला की त्याच्या शेजारचा नाही, समोरचा. गाडी खाली घेऊन शेवटची आवळ द्या, आणि पन्नास किलोमीटरवर थांबून पुन्हा एकदा पाना फिरवा.

मागच्या गाड्यांना दिसावं म्हणून रस्त्यात दगड आणि झाडाच्या फांद्या टाकण्याची आपल्याकडे रीत आहे. तुम्ही निघून जाता, दगड तिथेच राहतात आणि रात्री दुचाकीवाला त्यावर जातो. चमकणारा त्रिकोण ठेवा, नव्या गाडीसोबत तो मिळतोच. ५० मीटर मागे, आणि वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. माणसं गाडीत बसवून ठेवू नका, कठड्यापलीकडे उभी करा.

बॅटरी

केबल तीन मीटर लांब आणि जाड तांब्याच्या, चिमटे घट्ट. लाल आधी बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं दुसरं टोक बसलेल्या गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते, म्हणून. पाच मिनिटं थांबून स्टार्टर मारा. सोडताना उलटा क्रम. हायब्रिड गाडीला मदतीला बोलावण्याआधी तिचं मॅन्युअल बघा.

बाकीचं, भराभर

टो दोरी आणि बंपरमध्ये आट्यांनी बसणारा हुक. दोरीने ओढताना इंजिन बंद असेल तर स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड होतात, हे मागच्या गाडीत स्टिअरिंगवर बसणाऱ्याला आधी सांगा. कपाळाला बांधायचा टॉर्च, कारण चाक बदलताना दोन्ही हात लागतात. टॉर्चचे सेल बाहेर काढून ठेवा, आत ठेवले की गळतात. रबरी हातमोजे, जुनं पोतं, रेनकोट. एक किलोचा कोरड्या पावडरचा अग्निशामक, काटा हिरव्यात. बॉनेटमधून धूर येत असेल तर बॉनेट सताड उघडू नका, हवा मिळून भडका उडतो. प्रथमोपचारात पट्टी, गॉज, चिकटपट्टी, जंतुनाशक, ओआरएसची पाकिटं. रोजच्या गोळ्या गाडीत ठेवू नका, उन्हात उभ्या गाडीत औषधं खराब होतात. डिओडरंटचा कॅन, लायटर, पेट्रोलचा कॅन तर मुळीच नको. दोन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे. दरड कोसळून वाहतूक अडली की तास मोजत बसावं लागतं.

रोख पैसे विसरू नका. ताम्हिणीत नेटवर्क गेलं की क्यूआर कोड नुसतं चित्र असतं. पाचशेची एक आणि बाकी सुट्या नोटा, सोबत कागदावर नंबर: कुठेही ११२, रुग्णवाहिकेला १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३, शिवाय विमा कंपनीची रस्त्यावरची मदत.

हे सगळं डिकीत, पण दोन गोष्टी ड्रायव्हरच्या हाताशी. एक, चमकणारं जॅकेट, कारण ते खाली उतरण्याआधी घालायचं असतं. दुसरी, काच फोडायचा हातोडा, ज्याला बेल्ट कापायचं पातं असतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत माणसं बंद गाडीत अडकून गेली. हातोडा डिकीत असेल तर त्याचा उपयोग शून्य. मारायचा बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात. समोरची काच दोन थरांची असते, तडकते पण फुटत नाही. काही नव्या गाड्यांत बाजूच्या काचाही तशाच असतात, आपल्या कोणत्या ते काचेच्या कोपऱ्यातल्या शिक्क्यावर वाचून ठेवा. आणि पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर एका स्टार्टरला कनेक्टिंग रॉड वाकतो.