मुलांना उंच इमारतींविषयी शिकवताना या चुका टाळा

लहान मुलांना उंच इमारतींची ओळख करून देताना सर्रास होणारी चूक म्हणजे सुरुवातच आकड्यांनी करणे. बुर्ज खलिफाची उंची 828 मीटर आहे, हे पाच वर्षांचे मूल सहज पाठ करते, पण त्या आकड्यातून त्याच्या डोळ्यांसमोर काहीच उभे राहत नाही. त्याला आधी पायऱ्या मोजत एक मजला चढू द्यावा आणि मग असे दीडशेहून अधिक मजले तिथे एकावर एक आहेत, असे सांगावे.

दुसरी चूक आपल्या हाताची असते. ठोकळ्यांचा मनोरा कलू लागला की आपला हात आपसूक पुढे जातो. तो आवरावा, मनोरा पडू द्यावा आणि ‘आधी काय हलले?’ एवढेच विचारावे. मूल बहुधा सर्वांत वरच्या ठोकळ्याकडे बोट दाखवते, परंतु पुन्हा रचताना तळाचा ठोकळा अर्धा चटईवर आणि अर्धा फरशीवर होता, हे त्याचे त्यालाच उमगते. पिसाचा मनोरा खालच्या मऊ जमिनीमुळे कलला, हे सांगण्याची खरी वेळ हीच.

‘इमारत मजबूत असते म्हणून उभी राहते’ हे उत्तर तर मुळीच देऊ नये, कारण त्याने प्रश्न तिथेच मिटतो. शिकागोतील 16 मजली मोनॅडनॉक इमारतीचा 1891 मध्ये पूर्ण झालेला जुना भाग विटांच्या भिंतींवर उभा आहे आणि तळाशी त्या भिंती सुमारे 1.8 मीटर जाड आहेत. पोलादी सांगाडा आल्यावर भार खांब आणि तुळया पेलू लागल्या, भिंत केवळ आवरण उरली. हे हातांनी अनुभवता येते: आइस्क्रीमच्या चार काड्यांचा चौकोन कोपऱ्यांत टाचण्यांनी सैलसर जोडला, तर बोटाने ढकलताच तो तिरका होतो, कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचेल अशी, या चौघींहून लांब पाचवी काडी तिरपी बसवली की जागचा हलत नाही. माझ्या मते पहिल्या दिवशी एवढा एकच प्रयोग पुरेसा आहे.

लिफ्टचा उल्लेख राहून जातो, तोही करावा. तिच्याविना इतके मजले चढणार कोण?

वाऱ्याचा विसर मात्र महागात पडतो. ‘इमारत पडेल का?’ असे मूल विचारते, तेव्हा ते खरोखर घाबरलेले असते आणि ‘छे, काहीतरीच!’ म्हटल्याने ती भीती जात नाही. उंच इमारती वाऱ्यात किंचित झुलाव्यात अशाच बांधतात, आणि तैपेई 101 मध्ये तर हे झुलणे कमी करण्यासाठी वरच्या मजल्यांमध्ये सुमारे 660 टनांचा गोळा टांगलेला आहे, असे त्याला सरळ सांगावे. मनोऱ्यांची स्पर्धा घ्यायचीच असेल, तर सर्वांत उंच कोणाचा हे न पाहता पुठ्ठ्याने वारा घालावा आणि कोणाचा टिकतो ते पाहावे.