कर्नलमधला बग, दुरुस्ती आपल्या टूलमध्ये

फाइल कॉपी करणारं टूल एरर देऊन थांबलं, तर किमान शोधाला सुरुवात कुठून करायची ते कळतं. मी ज्या टूलवर काम करत होतो ते थांबत नव्हतं. लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, 'प्रॉक' या फोल्डरमध्ये सिस्टिमची माहिती फाइल्सच्या रूपात दाखवतो. तिथली फाइल डिस्कवर कॉपी केली की शून्य बाइटची फाइल तयार व्हायची आणि टूल काम झाल्याचं सांगायचं. बॅकअपच्या बाबतीत मला याहून घातक काही वाटत नाही. गरज पडेपर्यंत ती फाइल कुणी उघडतच नाही.

अशा वेळी आपला कोड वाचत बसण्याआधी 'एसट्रेस' लावा. प्रोग्रॅम कर्नलकडे काय काय मागतो आणि उत्तर काय मिळतं ते हे साधन दाखवतं. आमचं टूल 'कॉपी_फाइल_रेंज' हा सिस्टिम कॉल (कर्नलला केलेली विनंती) वापरत होतं आणि तो पहिल्याच वेळी ० परत करत होता. ० म्हणजे फाइल संपली, म्हणून टूलही थांबत होतं. हा कॉल २०१६ साली, कर्नल ४.५ मध्ये आला. कॉपीचं काम कर्नलच्या आतच होत असल्याने तो वेगवान आहे. ५.३ पासून तो दोन वेगळ्या फाइलसिस्टिममध्येही, उदाहरणार्थ 'प्रॉक'मधून डिस्कवर, चालू लागला आणि तिथेच घोळ झाला. 'प्रॉक'मधल्या बहुतेक फाइल्स आपला आकार शून्य सांगतात. मजकूर वाचताना तयार होतो. म्हणून हा कॉल त्या रिकाम्या समजून ० देत होता. ५.१९ मध्ये कर्नलने ती मोकळीक पुन्हा आवळली. पण जुने कर्नल वर्षानुवर्षं चालू राहतात, त्यामुळे टूलमध्ये उपाय करणं भागच होतं.

नवीन माणसाला पहिल्यांदा सुचतं ते कर्नलची आवृत्ती तपासणं. ते करू नका. डिस्ट्रिब्युशनवाले, म्हणजे लिनक्सचे तयार संच पुरवणारे, नवे पॅच जुन्या कर्नलमध्ये आणून बसवतात, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून बग आहे की नाही ते कळत नाही. आकार शून्य असेल तर फाइल रिकामी धरणं हाही उपाय नाही. मूळ गैरसमज तोच आहे.

आम्ही कॉलच्या वागण्याकडे पाहिलं. एकही बाइट कॉपी न होता ० आलं, तर साध्या 'रीड' आणि 'राइट'ने कॉपी करायची. काही बाइट कॉपी झाल्यावर ० आलं, तर फाइल खरोखर संपली. फाइल मुळात रिकामीच असेल तर पहिलं 'रीड'सुद्धा ० देतं, म्हणजे तोटा एका जादा सिस्टिम कॉलचा. ग्नू प्रकल्पाच्या 'सीपी' या कॉपी करणाऱ्या कमांडमध्येही हीच पळवाट आहे आणि तिच्याशेजारी कारण सांगणारी कमेंट आहे. तशी कमेंट तुम्हीही लिहा, नाहीतर पुढे कुणीतरी फालतू अट समजून ती काढून टाकेल.

खरं अवघड काम टेस्टचं. नव्या कर्नलवर हा बग दिसत नाही, म्हणून सिस्टिम कॉलच्या जागी नेहमी ० देणारं खोटं फंक्शन बसवा आणि तरीही पूर्ण मजकूर उतरतो का ते पाहा. जोडीला 'प्रॉक'मधली 'व्हर्जन' ही फाइल खरोखर कॉपी करून मूळ फाइलशी ताडा. 'अपटाइम' त्यासाठी घेऊ नका. तिच्यातला आकडा दर वाचनाला बदलतो आणि टेस्ट उगाच नापास होते.