बीईटी: आकडा बिघडतो तो वजनकाट्यावर

बीईटी म्हणजे पावडरचं पृष्ठभागाचं क्षेत्रफळ मोजायची पद्धत. तिच्यात नवीन मुलांना धास्ती असते ती समीकरणाची. ते १९३८पासून तेच आहे आणि सॉफ्टवेअर ते चुटकीसरशी सोडवतं. आकडा बिघडतो त्याच्या आधी, डिगॅसिंग (तापवून सॅम्पलमधलं पाणी आणि वायू काढून टाकणं) आणि वजन करताना.

उत्तर येतं चौरस मीटर दर ग्रॅममध्ये. मशीन फक्त पावडरवर बसलेला वायू मोजतं. ग्रॅम आपण टाइप करतो. उघड्या बाटलीतल्या १०० मिलिग्रॅम सिलिका जेलमध्ये १० मिलिग्रॅम पाणी असेल आणि तुम्ही आधीचंच वजन भरलंत, तर क्षेत्रफळ सरळ १० टक्के कमी येतं. आयसोथर्म, म्हणजे कुठल्या दाबाला किती वायू बसला त्याचा आलेख, तरीही देखणाच दिसतो. म्हणून डिगॅसिंगनंतरचंच वजन भरा. हे सगळे सांगतात.

न सांगितलेली गोष्ट पुढे आहे, आणि तिनेच मला सर्वांत जास्त छळलं. काही स्टेशनं डिगॅसिंग संपल्यावर ट्यूबमध्ये हेलियम भरतात. रिकामी ट्यूब मात्र आपण हवेसकट तोललेली असते. हवेच्या जागी हेलियम आला की दर मिलिलिटरमागे साधारण १ मिलिग्रॅम वजन घटतं. आत २० मिलिलिटर मोकळी जागा असेल तर २० मिलिग्रॅम गायब! खरं सॅम्पल १०० असताना काटा ८० दाखवतो आणि क्षेत्रफळ २५ टक्के फुगतं. पावडर नवीन असेल तर ही वाढ तुम्हाला यशच वाटेल. उपाय सोपा: रिकामी ट्यूबही त्याच स्टेशनवर, त्याच वायूने भरून, त्याच बुचासकट तोला. नायट्रोजन भरत असाल तर फरक एक मिलिग्रॅमच्या आत राहतो, पण सवय तीच ठेवा.

सीनियरच्या वहीतलं ‘३०० अंश, रात्रभर’ उचलू नका. झिओलाइटला ते चालतं. मॅग्नेशियम स्टीअरेट तेवढ्यात वितळून जातं. आधी टीजीए (तापवताना वजन कसं घटतं ते दाखवणारी चाचणी) काढा. माझ्या मते, आकडा विचारण्याआधी वजनाची नोंद मागतो तोच खरा गाइड.

मायक्रोपोरस (अतिसूक्ष्म छिद्रांच्या) कार्बनला सापेक्ष दाबाची ०.०५ ते ०.३० ही ठरलेली रेंज लावू नका. समीकरणातला स्थिरांक सी ऋण आला तर बिंदू कमी दाबाकडे सरकवा. ट्यूबमधलं एकूण क्षेत्रफळच १ चौरस मीटरपेक्षा कमी असेल तर मोजायला नायट्रोजनऐवजी क्रिप्टॉन वापरा.

सुरुवातीला आकडे हलतात, सगळ्यांचेच. घाबरू नका. प्रमाणित अ‍ॅल्युमिना आधी चालवा. त्याचं उत्तर प्रमाणपत्रातल्या मर्यादेत आलं की मगच स्वतःची पावडर ट्यूबमध्ये घाला.