ब्रेस्ट लिफ्ट करायची तर घागरीची सोय आधी लावा

बाळंतपणानंतर किंवा वजन झपाट्याने उतरल्यावर स्तन ओघळतात. ब्रेस्ट लिफ्टमध्ये जादाची कातडी काढून स्तनाला नव्याने आकार देतात आणि स्तनाग्र वर घेतात. स्तन मोठे होत नाहीत. अजून मूल हवं असेल तर थांबा, आणि अंगावरचं दूध तुटून सहा महिने तरी जाऊ द्या. डॉक्टरांच्या पाटीवर प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी हवी, नुसतं 'कॉस्मेटिक' लिहिलेलं पुरत नाही. खर्च बहुधा खिशातूनच होतो, विमा मिळत नाही.

मिश्री लावत असाल तर लाजू नका, डॉक्टरांना सांगाच. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, वर घेतलेल्या स्तनाग्राला रक्त पुरत नाही आणि ते काळं पडू शकतं. म्हणून तंबाखू, मिश्री, गुटखा आधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे पूर्ण बंद. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तीही सांगा. मनाने बंद करू नका.

खुणा उभं करूनच करतात, कारण आडवं झाल्यावर ओघळ कळत नाही. पूर्ण भूल देतात, दोन-तीन तास लागतात. ओघळ थोडा असेल तर छेद स्तनाग्राभोवतीच. जास्त असेल तर तिथून सरळ खाली आणि स्तनाखालच्या घडीत आडवा. हे दोन छेद जिथे मिळतात, तिथे ताण सगळ्यात जास्त. जखम उसवते ती बहुधा इथेच, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. छोटी फट ड्रेसिंगने भरते. हळद, तेल काही लावू नका.

आणि इथेच घरचं काम आड येतं. पंधरा लिटरची घागर म्हणजे पंधरा किलो, आणि तुम्हाला सहा आठवडे दोन-तीन किलोच्या वर काही उचलायचं नाही. टँकर आला की कोण धावणार, हे तारीख घेण्याआधी ठरवा. एप्रिल-मे टाळा: चाळीस अंशांच्या उन्हात घडीत घाम साचतो, टाके ओले राहतात. हिवाळा बरा, पण कापूस वेचणीला मजूर लावावा लागेल.

बीड-हिंगोलीकडून छत्रपती संभाजीनगरला जाणार असाल तर पहिले दोन-तीन दिवस शहरातच राहा. एकच बाजू अचानक फुगून टणक झाली, ठणकायला लागली, तर आत रक्त साचलंय. रात्र असली तरी तेव्हाच दवाखाना गाठा. ताप, पू किंवा स्तनाग्र काळसर दिसलं तरी तसंच.

सर्जिकल ब्रा चार ते सहा आठवडे, रात्रीसुद्धा. पाठीवरच, उशा लावून झोपा. स्तनाग्राला बधिरपणा येतो, बहुतेकींचा काही महिन्यांत जातो. क्वचित कायमही राहतो. व्रण वर्षभर लालसर दिसतात. जखम पूर्ण भरल्यावर डॉक्टरांना विचारून सिलिकॉन जेल लावा.

सूज उतरून आकार बसायला तीन ते सहा महिने लागतात. तोवर जुने ब्लाउज उसवू नका, नव्याचं मापही देऊ नका.