उघड्या काँक्रीटचं घर बांधताय? या चुका टाळा

वास्तुशांतीला आलेला जवळजवळ प्रत्येक पाहुणा जेवणाच्या पंगतीत बसेपर्यंत थांबायचा आणि मग हळूच विचारायचा, "गिलावा कधी करणार?" साताऱ्याजवळच्या आमच्या घराला गिलावा नाही, रंगही नाही. सेंटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा प्लायचा साचा, काढल्यावर जी भिंत दिसली तीच आमची भिंत. या घराला आता चार पावसाळे झाले. आमच्या हातून झालेल्या चुका इथे मांडतोय, कारण अशा घरात चूक झाकायला जागाच नसते.

सगळ्यात आधी एक गैरसमज दूर करतो. गिलावा आणि रंगाचे पैसे वाचतात, म्हणून हे घर स्वस्त पडतं असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. वाचलेले पैसे चांगल्या प्लायमध्ये, सुताराच्या मजुरीत आणि देखरेखीत जातात. बचत हे कारण असेल तर विटांचं घर बांधा, तेही सुंदर होतं.

नमुन्याची भिंत न बांधणं

खऱ्या भिंतीआधी चार फूट बाय चार फुटांचा एक तुकडा अंगणात ओतून बघा. तोच सिमेंट, तीच वाळू, तोच प्लाय, तीच माणसं. सिमेंटचा प्रकार बदलला तरी रंग बदलतो; ओपीसी (साधं सिमेंट) आणि पीपीसी (मिश्र सिमेंट) यांच्या भिंती शेजारी उभ्या केल्या तर फरक लांबून कळतो. म्हणून पहिल्या पोत्यापासून शेवटच्या पोत्यापर्यंत कंपनी आणि प्रकार एकच ठेवा. कंत्राटदार म्हणेल, "साहेब, सगळं सिमेंट सारखंच." गिलाव्याखाली जाणाऱ्या भिंतीपुरतं ते चालून जातं.

रात्रीतून मारलेला निरू

ही आमची सगळ्यात महागात पडलेली चूक. जिन्याशेजारच्या भिंतीचं शटर, म्हणजे साचा, उघडलं तेव्हा तळाला वीतभर रुंद पट्ट्यात खडी उघडी पडली होती. साइटवर याला हनीकोंब म्हणतात. काँक्रीटचा ओला माल उंचावरून टाकला गेला होता आणि तो हलवून घट्ट बसवणाऱ्या व्हायब्रेटरची नळी तळापर्यंत पोचली नव्हती. माल दीड मीटरपेक्षा जास्त उंचीवरून पडू देऊ नये असं आयएस 456, म्हणजे काँक्रीटच्या बांधकामाचं भारतीय मानक, सांगतं. आमच्याकडे तो थेट कॉलमच्या डोक्यावरून ओतला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर पट्टा गायब. मिस्त्रींनी संध्याकाळी थांबून त्यावर छान निरू, म्हणजे गिलाव्यावर देतात तसा बारीक लेप, मारला होता, थापीनं गुळगुळीत करून. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं, कारण आयुष्यभर त्यांनी तेच चांगलं काम म्हणून शिकलं आणि शिकवलं. तो पट्टा आजही बाकीच्या भिंतीपेक्षा गडद दिसतो. पाऊस लागला की आणखी गडद होतो. चूक आमची होती. या घरात डागडुजी विचारल्याशिवाय करायची नाही, हे त्यांना पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं.

शटर उघडल्यावर काही चुकलेलं दिसलं तर त्या दिवशी हात लावू नका. सळई दिसत असेल तर आधी इंजिनीअरला दाखवा. तो दिसण्याचा प्रश्न नाही, मजबुतीचा आहे. नुसती वरवरची खडी असेल तर सैल भाग काढून, जागा ओली करून, त्याच वाळू-सिमेंटमध्ये थोडं पांढरं सिमेंट मिसळून भरा. आणि तो रंग आधी नमुन्याच्या तुकड्यावर लावून, पूर्ण वाळल्यावर बघा. ओला असताना कुठलाच रंग खरा नसतो.

बारीक गोष्टी, कायमचे डाग

शटरला जळकं इंजिन ऑइल लावायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. उघड्या भिंतीवर त्याचे काळपट ढग उमटतात. शटरसाठी बनवलेलं तेल आणा आणि तेही फडक्यानं पुसून पातळ थर ठेवा.

स्लॅबची सळई बांधताना तारेचे तुकडे खाली प्लायवर पडतात. स्लॅब टाकला की ते तुकडे तुमच्या छताच्या पृष्ठभागावर अडकतात आणि पहिल्याच पावसाळ्याच्या दमटपणात गंजतात. आमच्या बैठकीच्या छतावर असे अकरा तांबूस ठिपके आहेत, मी झोपाळ्यावर पडून मोजलेत. दोरीला लोहचुंबक बांधून माल टाकायच्या आधी सगळा प्लाय फिरून या. अर्ध्या तासाचं काम आहे.

पाणी मारणं टाळू नका. साध्या ओपीसीला किमान 7 दिवस आणि पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला किमान 10 दिवस पृष्ठभाग सतत ओला हवा. पण उभ्या भिंतीला ओलं गोणपाट चिकटवून ठेवलं तर त्याचा तपकिरी रंग उतरतो, आणि बोअरचं जड पाणी असेल तर क्षाराचे पांढरे ओघळ राहतात. भिंतीचं शटर काही दिवस तसंच ठेवणं हा आम्हाला सापडलेला सगळ्यात सोपा उपाय.

समुद्राजवळ बांधत असाल तर सळईवरच्या कव्हरमध्ये, म्हणजे सळई झाकणाऱ्या काँक्रीटच्या जाडीत, तडजोड करू नका. किनाऱ्यावरच्या हवामानासाठी आयएस 456 मध्ये कव्हर 45 मिलिमीटर आणि काँक्रीट किमान एम 30 या मजबुतीचं धरलेलं आहे. खारी हवा सळईपर्यंत पोचली की सळई गंजून फुगते आणि भिंतीचे पापुद्रे निघतात.

विजेबद्दल थोडक्यात: नंतर वायरीसाठी भिंतीत झिरी मारता येत नाही. प्रत्येक पॉइंट ओतण्याआधी ठरवा. आम्ही देवघरातला दिवा विसरलो, आता तिथे पितळी नळी भिंतीवरून उघडी जाते.

सगळ्या मतांना एकाच मापानं मोजणं

लोक घराला काय काय म्हणतात: गोडाऊन, पाण्याची टाकी, एसटी स्टँड. हे सगळं ऐकून घ्यावं लागतं, आणि त्याला "हेच फिनिशिंग आहे" एवढंच उत्तर पुरतं. मी सुरुवातीला लोकांना चंदीगडच्या उघड्या काँक्रीटच्या इमारतींबद्दल सांगायचो, तिथला कॅपिटॉल परिसर 2016 मध्ये जागतिक वारसा यादीत गेला हेही सांगायचो. त्याचा काही उपयोग झाला नाही. माणूस तुमच्या ओसरीवर चहा पीत असताना त्याला त्याच्या आवडीबद्दल शिकवणं बरं नव्हे.

पण याच बोलण्यात खरी सूचना मिसळलेली असते, आणि मी तीही फेकून दिली. बाबा नकाशा बघून म्हणाले होते, "पश्चिमेची भिंत तव्यासारखी तापेल, रात्री झोपशील कसा?" मला वाटलं, त्यांनाही गिलावाच हवाय. पहिल्या एप्रिलमध्ये रात्री दहा वाजता त्या भिंतीला हात लावला तर ती गरम होती. काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि रात्री खोलीत सोडतं.

ज्या इमारतींची नावं मी लोकांना सांगत होतो त्यांच्या आर्किटेक्टनाही हे ठाऊक होतं. अहमदाबादच्या मिल ओनर्स असोसिएशनच्या 1954 च्या इमारतीला चंदीगडचेच आर्किटेक्ट ला कॉर्बुझिए यांनी पश्चिमेच्या बाजूला काँक्रीटच्या तिरक्या उभ्या पट्ट्या दिल्या, ऊन आत येऊ नये म्हणून. मुंबईच्या कांचनजंगा इमारतीत चार्ल्स कोरिया यांनी घरांना खोल, दुमजली उंचीच्या गच्च्या दिल्या, दुपारचं ऊन आणि पाऊस अडवायला. आपली पडवीच ती. आम्ही मग पश्चिमेला भिंतीपासून फूटभर सोडून विटांची जाळी उभी केली. रात्रीचा फरक पहिल्याच उन्हाळ्यात कळला. गच्चीवर ऊन परतवायला पांढरा चायना मोझॅक, म्हणजे टाइल्सच्या तुकड्यांची फरशी, टाकला तोही बाबांच्या आग्रहानं.

म्हणून आता कुणी घराबद्दल बोललं की मी एक बघतो: हा माणूस ऊन, पाणी, ओल, म्हातारपणी चढायच्या पायऱ्या यांबद्दल बोलतोय का? बोलत असेल तर वही काढतो.

घरच्यांना सर्वात शेवटी सांगणं

आर्किटेक्टशी महिनोन्‌महिने बोललो, आईशी नाही. तिला बाजारात बायका विचारायच्या, "पैसे कमी पडले का गं?" आणि ती सांगायची, "काम चालू आहे अजून." मला हे वर्षभरानं कळलं. लोकांच्या बोलण्याचा भार मी उचलतोय असं मला वाटत होतं, प्रत्यक्षात तो तिच्यावर पडत होता. घरातल्या मोठ्यांना नकाशाच्या आधी एखादं तसं बांधलेलं घर प्रत्यक्ष दाखवा, दुपारी आणि संध्याकाळी. त्यांना काय खटकतं ते तिथेच कळेल.

पहिल्या ओघळांना घाबरून रंग लावणं

पहिल्या पावसानंतर छज्ज्याखाली काळे ओघळ आले आणि मी रंगवाल्याला बोलावलंच होतं. रंग एकदा लागला की ती भिंत दर काही वर्षांनी रंगवत बसावी लागते. ओघळाचं कारण आधी शोधा. आमच्या छज्ज्यांच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच ओतायची राहिली होती, म्हणून पाणी वळून भिंतीवर यायचं. नंतर अ‍ॅल्युमिनियमची बारीक पट्टी लावली. शेवाळ मऊ ब्रशनं धुतलं, भिंत कोरडी झाल्यावर पाणी न शोषू देणारं पारदर्शक द्रव मारलं. ते ठरावीक वर्षांनी पुन्हा मारावं लागतं, हे खर्चात धरा.

नमुन्याचा तुकडा मात्र फोडू नका. आमचा अजून नळाशेजारी उभा आहे. कुठेही काही भरायचं असलं की रंग आधी त्यावर लावतो, त्यामुळे तो ठिगळाठिगळांचा झालाय. सकाळी ऊन असतं तेव्हा आई त्यावर फडकी वाळत घालते.