पेशीपटल म्हणजे फुगा नव्हे! प्रॅक्टिकलमधल्या या चुका टाळा

वेगवेगळ्या तीव्रतेच्या मिठाच्या पाण्यात रक्ताचा थेंब टाकून पेशी कधी फुटतात ते बघायचं, हे आपलं प्रॅक्टिकल. जिथे पेशी शाबूत राहायला हव्यात त्या ०.९ टक्के मिठाच्या नळीतसुद्धा (म्हणजे सलाइनमध्ये) त्या फुटल्या, की मुलं पहिला संशय द्रावणावर घेतात. पुन्हा वजन, पुन्हा विरघळवणं. मी आधी नळी बघते. धुतलेल्या नळीच्या तळाशी डिस्टिल्ड वॉटर राहिलेलं असतं, त्यात रक्ताचा थेंब आधी पडतो आणि सलाइन मागून येतं. मग पेशी वाचणार कशा? नळी कोरडी हवी, सलाइन आधी, रक्त नंतर. आणि ताक घुसळल्यासारखी नळी हलवू नका. नुसत्या घुसळण्यानेही पेशी फाटतात.

दुसरी चूक निकाल वाचताना होते. पेशी शाबूत असोत वा फुटलेल्या, नळी लालच दिसते. नळीमागे छापील कागद धरा. पेशी शाबूत असतील तर गढूळपणामुळे अक्षरं लागत नाहीत. सगळ्या फुटल्या असतील तर लाल काचेतून वाचावीत तशी स्वच्छ दिसतात.

वहीत मात्र दरवर्षी हे वाक्य असतंच: ‘पाणी शिरल्याने पटल रबरासारखे ताणले जाऊन फुटले.’ इथे मी लाल पेन काढते. पटल, म्हणजे पेशीभोवतीचा लिपिडांचा (स्निग्ध रेणूंचा) दुपदरी थर, क्षेत्रफळात जेमतेम ३ ते ५ टक्के ताणतो, पुढे फाटतो. तांबडी पेशी तरते ती सैलपणावर. तिच्या आकारमानाच्या गोळ्याला जेवढं पटल पुरेल, त्याहून साधारण ४० टक्के जास्त तिच्याकडे असतं. अर्धवट भरलेलं पोतंच म्हणा. पाणी शिरलं की तबकडीची आधी गोळी होते; ताण त्यानंतर चढतो. म्हणून तर ०.९ खाली येताच पेशी फुटत नाहीत, साधारण ०.४५ टक्क्यांच्या आसपास सुरुवात होते.

‘ताणामुळे पटलाला भोकं पडतात, ही इजा’ हेही सरसकट लिहू नका. ई. कोलाय या जिवाणूच्या पटलात एमएससीएस आणि एमएससीएल नावाची प्रथिनं असतात, ताण आला की उघडणारी. पहिलं कुकरच्या शिटीसारखं, कमी ताणावर उघडतं. दुसरं सेफ्टी व्हॉल्व्ह: पटल फाटायच्या जरा आधी सुमारे ३ नॅनोमीटरचं छिद्र उघडून आतले क्षार बाहेर सोडतं. दोन्ही काढून टाकलेला जिवाणू खारट द्रावणातून एकदम पातळ द्रावणात टाकला की मरतो.

आपल्या तांबड्या पेशीत ताण ओळखून उघडण्याचं हे काम पिएझो१ नावाचं प्रथिन करतं. पिएझो प्रथिनं २०१० मध्ये आर्डेम पटापूटियन यांच्या प्रयोगशाळेत सापडली. २०२१ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा मुख्यतः त्यासाठी. ताण आला की पिएझो१ मधून कॅल्शियम आत येतं, त्यामुळे पोटॅशियमची वाट उघडते, त्याच्यामागे पाणी बाहेर पडतं आणि पेशी आक्रसते.

एमएस्सीवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. ताणाने उघडणारे हे मार्ग बंद करायला गॅडोलिनियम (एक धातू, क्षाराच्या रूपात) वापरत असाल तर फॉस्फेट बफर नको. फॉस्फेटबरोबर त्याचा साका होतो, पेशीपर्यंत ते पोचतच नाही, आणि वहीत ‘परिणाम नाही’ अशी नोंद होते. हेपेस बफर घ्या.